करंज्यांच्या डब्यातली वचनं

आमच्या ह्यांचा ठाम विश्वास आहे, की कोणाचं तारण होणार आणि कोणाचं नाही, हे देवानं जग घडवायच्या आधीच ठरवून ठेवलंय. आणि हाच माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायचं झालं तरी हेल्मेट घातल्याशिवाय स्कूटरला हात लावत नाही. मी एकदा विचारलं, "सगळं ठरलेलंच आहे, तर हेल्मेट कशाला?" तर म्हणाले, "हेल्मेट घालायचं, हेही ठरलेलंच आहे." अशा माणसाशी पस्तीस वर्षं संसार करणं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

मी नेमकी उलट्या मताची. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये एकच शिकवण होती: दार उघडं आहे, पाऊल ज्याचं त्यानं उचलायचं. देव कोणाला ओढून नेत नाही आणि कोणाला हाकलतही नाही. पुढं मी झेडपीच्या शाळेत मास्तरीण झाले आणि हे मत आणखीच पक्कं झालं. पहिलीत आलेलं पोर पुढं नापासच होणार, असं वरूनच ठरून आलं असेल, तर मी पौडच्या आसपासच्या शाळांतून जन्मभर घसा कशाला फोडला?

हे पिरंगुटच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. लोखंडाचे ओतीव भाग तपासायचे. चांगल्याला हिरवं लेबल, वाईटाला लाल. ते म्हणायचे, पोकळी राहते ती साच्यातच राहते, मग वरून कितीही घासा. "त्यात त्या भागाचा काय दोष?" मी विचारायची. "दोष नाहीच," हे शांतपणे उत्तर द्यायचे, "पण लाल ते लाल." त्यांचा हा शांतपणा माझ्या डोक्यात जायचा. "असेल हरी तर देईल खाटल्यावरी," असं मी फणकाऱ्यानं म्हणायची. आमच्या ख्रिस्ती घरात हरीचं नाव निघतं ते या एका म्हणीपुरतंच, पण निघतं भरपूर.

हे सगळं नुसतं वादापुरतं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ह्यांनी ते फार मनावर घेतलं होतं. आपण त्या निवडलेल्या लोकांत नाही, याची त्यांना खात्री होती. त्यामुळे हे प्रभुभोजन घ्यायचे नाहीत. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायला सगळे पुढं जायला लागले, की हे शेवटच्या बाकावरून उठून बाहेर जायचे आणि स्कूटरी नीट लागल्या आहेत का ते बघत उभे राहायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी हे पाहिलं, तेव्हा वाटलं, पोटात कळ आली असेल. पण ती कळ काही पस्तीस वर्षांत थांबली नाही.

बरं, चर्चचा कंटाळा म्हणावं, तर तेही नाही. पिरंगुट आणि पौडच्या मध्ये, रस्त्यापासून जरा आत, पूर्वी पोल्ट्रीची शेड होती. तिथं आमची उपासना भरते. पावसाळ्यात अजूनही कोंबड्यांचा वास येतो. त्या शेडचे पत्रे ह्यांनीच बसवलेत, पंखे हेच दुरुस्त करतात, माइकची वायर हेच जोडतात. एक रविवार चुकवत नाहीत. "यादीत नाव नाही म्हणता, मग येता कशाला?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "पंखे कोण बघणार?"

मागच्या दिवाळीनंतर ह्यांना जिना चढताना छातीत दुखायला लागलं. तपासणीत तीन ठिकाणी ब्लॉक निघाले आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली. जानेवारीचा पहिला आठवडा ठरला. हे अगदी निवांत होते. जे व्हायचं ते ठरलेलंच. मी मात्र आतून हादरले होते. मरणाची भीती सगळ्यांनाच असते, ती मलाही होती. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. हे ऑपरेशनच्या टेबलावरून परत आले नाहीत, तर 'मी देवाला नकोच होतो' असं मनात धरून जातील. या माणसानं असं मनात धरून जावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. त्यामुळे मी ठरवलं, ऑपरेशनच्या आधी ह्यांनी एकदा तरी प्रभुभोजन घ्यायचंच. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी ते असतं. हातात तेवढा एकच दिवस होता.

आता त्या सकाळची एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडं एक जानेवारीला डब्यातून वचनं काढतात. शास्त्रातलं एकेक वचन छोट्या कार्डावर लिहायचं, सगळी कार्डं एका डब्यात घालायची आणि डबा बाकाबाकावरून फिरवायचा. ज्याच्या हाताला जे वचन येईल, ते देवानं त्याला त्या वर्षासाठी दिलं, असं मानायचं. माणसं ते कार्ड वर्षभर पाकिटात जपतात. आमच्या मंडळीची कार्डं गेली पंधरा वर्षं माझ्याच अक्षरात असतात. डबाही माझाच, नाताळच्या करंज्यांचा. कितीही घासला तरी त्याला तुपाचा आणि वेलदोड्याचा वास राहतोच, आणि काही कार्डांवर तेलकट डाग पडतात. त्याची आता लोकांना सवय झालीय.

कार्डं कापायचं काम ह्यांचं. स्टीलची पट्टी लावून कापतील, एक सूत इकडचं तिकडं होणार नाही. मी लिहून झाल्यावर पुन्हा एकेक कार्ड दोन्ही बाजूंनी उलटून बघणार आणि मगच डब्यात टाकणार. स्वतः मात्र त्या डब्यात कधी हात घालायचे नाहीत. डबा जवळ आला, की पुढं सरकवायचे.

नाताळच्या आधी एका दुपारी हे कार्डं कापत बसले होते. मी समोर करंज्या लाटत होते आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. शेवटी मी लाटणं आपटलं आणि म्हणाले, "तुमचं नाव यादीत नाही, हे तुम्हाला सांगितलं तरी कोणी? देवानं पत्र पाठवलं होतं का?"

"हो," हे म्हणाले. "कोरं पाठवलं होतं."

आणि मग पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते सांगितलं. नगरकडच्या त्यांच्या गावी हे मॅट्रिकला होते त्या वर्षीची गोष्ट. नव्या वर्षाची वचनं काढताना ह्यांच्या हाताला कोरं कार्ड आलं. लिहिणाऱ्याकडून चुकून राहिलं असणार. ह्यांनी ते मागंपुढं करून बघितलं, शेजारच्याला दाखवलं. बाकावर हसाहशी झाली. चर्चचे एक म्हातारे पंच थट्टेत म्हणाले, "बाळा, देवाला तुझ्याशी काही बोलायचं दिसत नाही." आणि त्याच वर्षी ऐन पावसाळ्यात ह्यांची आई तापानं गेली. त्या पोरक्या मुलानं दोन आणि दोन चार केले. ह्यांच्या घरात निवडलेले आणि न निवडलेले यांवरचे उपदेश सकाळ-संध्याकाळ ऐकायला मिळायचेच. आपण कुठल्या बाजूचे, ते ह्यांना कळून चुकलं.

मी आपटलेलं लाटणं हळूच उचलून ठेवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा स्वभाव, त्या म्हाताऱ्या पंचांचाही तसाच असणार. त्यांना बिचाऱ्यांना संध्याकाळपर्यंत आठवलंही नसेल आपण काय बोललो ते.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंधरा वर्षं हे एकेक कार्ड उलटून बघत होते, ती काही कारखान्याची खोड नव्हती. आपल्याला आलं तसं कोरं दुसऱ्या कोणाला जाऊ नये, म्हणून हा माणूस तपासत होता. मला रडू आलं, आणि ह्यांना ते आवडत नाही, म्हणून मी कढईत करंज्या सोडायला उठले.

त्याच दिवशी माझ्या डोक्यात बेत शिजला. तो सांगायला आज लाज वाटते, पण तेव्हा मला फार हुशारीचा वाटला होता.

शेवटच्या बाकावर ह्यांच्या शेजारी एक मावशी बसतात. डोंगरावरच्या वाडीतून अर्धा तास उतरून येतात. करवंदं, जांभळं, आवळे, ज्या दिवसांत जे मिळेल ते पौडला आणून विकतात. त्यांना वाचता येत नाही. दर वर्षी त्या डब्यातून कार्ड काढतात आणि ह्यांच्या हातात देतात, हे ते त्यांना वाचून दाखवतात. म्हणजे स्वतःसाठी नाही, तरी मावशींसाठी का होईना, एक वचन ह्यांच्या तोंडून निघतंच. मी ठरवलं, यंदा निघेल ते मी निवडलेलंच असेल. मेजवानी मांडून ठेवलीय, जागा राखून ठेवलीय, आता या, अशा अर्थाचं एक वचन आहे. ते हे स्वतःच्या तोंडानं वाचतील आणि लगेच पाचव्या मिनिटाला प्रभुभोजन. मग बघू स्कूटरींकडं कसे जातात ते!

अडचण एकच. मावशींच्या हाताला कुठलं कार्ड येईल ते मला कसं कळणार? मग सगळ्याच कार्डांवर तेच वचन लिहायचं.

हो, सगळ्यांवर. पस्तीस वर्षं "माणसाला निवड असते" म्हणून भांडणाऱ्या बाईनं अख्ख्या मंडळीची निवड काढून घेतली, आणि हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. एरवी जो तो आपलं वचन मनात वाचतो आणि खिशात घालतो, तेव्हा कोणाला पत्ता लागणार नाही, असा माझा हिशेब होता. हे रक्त तपासायला पिरंगुटला गेले होते त्या सकाळी मी भराभर सगळी कार्डं लिहून काढली. नेहमीसारखं तपासायला दिली असती, तर बिंग फुटलं असतं. म्हणून हे यायच्या आत डब्याचं झाकण लावून टाकलं. "तपासायची राहिली," हे दोनदा म्हणाले. "मी तपासलीत," असं मी दडपून खोटं सांगितलं.

एक जानेवारीला सकाळी दहाला शेड भरली. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, बावधनला राहतात, बुलेटवरून येतात. डबा फिरून झाला. ह्यांनी तो नेहमीप्रमाणे मावशींपुढं धरला, स्वतः हात घातला नाही, आणि थोडी कार्डं उरलेला तो डबा शेवटच्या बाकावर आपल्या शेजारी ठेवून दिला. मी पुढच्या बाकावर बसून मान वळवून बघत होते.

तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "यंदा आपण एक नवीन करू. प्रत्येकानं उभं राहून आपलं वचन मोठ्यानं वाचायचं. शेअरिंग होईल."

पाळकसाहेबांनीच सुरुवात केली: मेजवानीचं वचन. मग पहिल्या बाकावरची कॉलेजातली मुलगी उठली: मेजवानीचं वचन. लोक कौतुकानं हसले, काय योगायोग! तिसरे आमचे निवृत्त तलाठी. त्यांनी चष्मा लावला, वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबून माझ्याकडं बघितलं. पुन्हा तेच. आता शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. करायला गेले काय आणि झालं काय!

मागून मावशींचा आवाज आला. "माझं बी वाचा की वो दादा. मला काय आलंय?"

हे कार्ड हातात घेऊन उभे राहिले. आणि वाचेनात. नुसतेच कार्डाकडं बघत राहिले. मी इतक्या लांबूनही पाहिलं, त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, वचन काळजाला भिडलं. मग ह्यांनी घसा साफ केला आणि तेच वचन वाचलं, अगदी स्वच्छ, शेवटच्या शब्दापर्यंत.

वाचून झाल्यावर हे बसले, आणि बसता बसता त्यांनी डब्यात हात घातला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा! दोन-तीन कार्डं उलटून बघितली, एक उचललं. मला इतका आनंद झाला, की मी उठून उभी राहिले आणि सगळं कबूल करून टाकलं. सगळी कार्डं एकच आहेत, मीच लिहिलीत, कोणासाठी ते विचारू नका, मला माफ करा. शेडमध्ये हशा पिकला. तलाठीसाहेब मात्र रागावले. म्हणाले, देवाच्या नावानं असला खेळ बरा नव्हे. त्यांचं चुकलं नव्हतंच.

मावशींनीच मला सोडवलं. "त्यात रागवायचं काय हाय? लगीन आसलं म्हंजी समद्यास्नी पत्रिका येकच आसती. येकाला येक आन् दुसऱ्याला दुसरी, आसं कुटं आसतंय व्हय?"

पाळकसाहेब हसत म्हणाले, की आजचा माझा उपदेश मावशींनीच उरकला. आणि त्यांनी प्रभुभोजनाला बोलावलं.

हे उठले. दार उजव्या हाताला होतं, स्कूटरी बाहेर उभ्याच होत्या. हे क्षणभर मधल्या वाटेत थांबले, शर्टाच्या खिशावरून हात फिरवला आणि पुढं आले. माझ्या शेजारून गेले, पण माझ्याकडं बघितलं नाही. पाळकसाहेबांपुढं दोन्ही हात पुढं केले. भाकरीचा तुकडा तळहातावर पडला. मी तोंडात पदर कोंबून रडले.

पुढचे पाच दिवस मी घरात नाक वर करून फिरत होते. उठता-बसता ह्यांना चिडवत होते. "बघा! शेवटी पाऊल तुम्हीच उचललंत ना? झाली ना माझी सरशी?" हे नुसते हसायचे. "जे व्हायचं ते झालं," एवढंच म्हणायचे. मीच बेत केला, मीच लिहिलं, मीच ह्यांना खेचून आणलं, या तोऱ्यात मला त्यांचं हसू नीट बघायचंही सुचलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी, सातच्या सुमाराला, दवाखान्यात नर्सनं ह्यांना हिरवा गाऊन दिला आणि अंगावरच्या वस्तू माझ्याकडं द्यायला सांगितल्या. घड्याळ, चष्मा, अंगठी, शर्ट. शर्टाची घडी करताना खिशात काहीतरी लागलं. काढून बघितलं तर कार्ड. तेलाचा डाग पडलेलं, आमच्या करंज्यांच्या डब्यातलं. मी उलटलं. पुन्हा उलटलं. दोन्ही बाजू कोऱ्या.

"हे काय?" मी म्हणाले.

"मावशींचं," हे म्हणाले. "दोन कार्डं तेलानं चिकटली होती बहुतेक. एक लिहायचं राहिलं तुझ्याकडून. तरी म्हणत होतो, तपासायला दे."

"पण तुम्ही तर वाचलंत!"

"तिघांनी आधी वाचलं होतं की. पाठ झालं होतं." हे पलंगावर आडवे झाले. "नंतर डब्यातलं एक लिहिलेलं बघून त्यांना दिलं. हे ठेवलं मला."

पाच दिवस मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते, आणि माझ्या हातून झालेली चूक हा माणूस खिशात घेऊन फिरत होता. मॅट्रिकच्या वर्षी आलं होतं तसंच कार्ड.

"म्हणजे कोरं कार्ड खिशात ठेवून तुम्ही पुढं आलात?"

"हो."

"आणि मग ती यादी?"

वॉर्डबॉय पलंगाची चाकं सोडवत होता. ह्यांनी माझ्या हातातल्या कार्डाकडं बघितलं. चष्मा नसल्यामुळे डोळे बारीक करून बघितलं.

"यादीचं मला अजून काही माहीत नाही," हे म्हणाले. "पण मावशी तोंडाकडं बघत होत्या गं. कोरं आहे, असं मला सांगवलंच नाही. मला सांगवलं नाही, तर देवाला सांगवेल का?"